सोसायटीच्या ड्रेनेज पंपाची मोटर सारखी जळतेय, मोठा पंप घ्यावा का?

कळवेकर
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी कळव्यात, ८४ फ्लॅट. बिल्डिंग सखल भागात आहे आणि महापालिकेच्या लाइनचा चेंबर आमच्या शेवटच्या चेंबरपेक्षा वर पडतो, त्यामुळे सगळं मैलापाणी आधी एका संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, येतं आणि तिथून दोन सबमर्सिबल पंप ते उचलून रस्त्यापलीकडे टाकतात. पंप ३ एचपी, थ्री फेज, एक चालू एक राखीव. संप दीड मीटर बाय दीड मीटर. डिलिव्हरी लाइन ४ इंची, साधारण ६० मीटर, पूर्ण चढावर.
गेल्या दिवाळीपासून पंप सारखा ओव्हरलोडवर ट्रिप होतोय, म्हणजे करंट वाढून आपोआप बंद पडतोय. एका मोटरचं रिवाइंडिंग (जळलेली तार काढून नवी गुंडाळणं) झालं, मग दुसरीचं, आता पहिली परत गेली. एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा कंत्राटदार) म्हणतो पंप लहान पडतोय, ५ एचपीचे दोन घ्या, कोटेशन पण देऊन गेला. कमिटीत अर्धे लोक म्हणतात घेऊन टाका एकदाचे, पावसाळा तोंडावर आलाय. मला पटत नाहीये कारण याच पंपांवर इतकी वर्षं काम भागलं, फ्लॅट काही वाढले नाहीत. जाणकारांनी सांगा, मोठा पंप हाच उपाय का? आणि एएमसीमध्ये नक्की काय काय लिहून घ्यायचं असतं?

नवखा
वाचतोय. आमच्याकडे पण हीच रड आहे.

खजिनदार_डोंबिवली
घेऊन टाका हो. मी आमच्या सोसायटीचा हिशोब बघतो, रिवाइंडिंगवर रिवाइंडिंग करत बसण्यात जेवढे पैसे जातात त्यात नवीन पंपाचा निम्मा खर्च निघतो. आणि ज्या दिवशी तळमजल्याच्या संडासातून पाणी उलटं येतं त्या दिवशी कुणी तांत्रिक कारण ऐकून घेत नाही, सगळे सेक्रेटरीच्या दारात उभे असतात.

कृष्णाकाठचा
खजिनदार साहेब, तुमची काळजी खरी आहे पण सल्ल्याशी असहमत. मी पलूसजवळचा, किर्लोस्करवाडी हाकेच्या अंतरावर, आमच्याकडे पोरं पाळण्यातनं उतरली की पंप खोलायला बसतात. माझी पंचवीसेक वर्षं सीवेज पंपांच्या सर्व्हिसिंगमध्ये गेली. मोटर जळली की पंप लहान पडला असं म्हणणारा माणूस एकतर शिकाऊ तरी असतो नाहीतर त्याला पंप विकायचा असतो.
आधी पाणी किती येतं ते बघा. ८४ फ्लॅट, घरटी साडेचार माणसं धरा, माणशी १३५ लिटर पाणी हा सगळीकडे धरतात तो आकडा, त्यातलं ८० टक्के ड्रेनेजला जातं. म्हणजे दिवसाला साधारण ४१ हजार लिटर. तासाला सरासरी १७०० लिटर. सकाळच्या गर्दीला तिप्पट धरा, ५१०० लिटर म्हणजे मिनिटाला ८५. तुमचा ३ एचपीचा पंप एवढ्या उंचीला मिनिटाला ४०० लिटरच्या आसपास सहज देईल. ८५ येतंय, ४०० जातंय. लहान कुठं पडला?
उलट मोठा पंप लावलात तर संप आणखी लवकर रिकामा होणार, पंप लवकर बंद होणार, परत भरला की परत चालू. मोटर चालून जळत नाही, सारखी चालू-बंद होऊन जळते. डायरेक्ट स्टार्टरवर दर चालूला सहापट करंट ओढते ती. ताशी दहा-बाराच्या वर स्टार्ट व्हायला लागले की वाइंडिंग तापतं, आणि तापलेलं निवायच्या आत परत स्टार्ट.
म्हणून माझा पहिला प्रश्न: तुमचा पंप तासाला किती वेळा चालू होतो? कुणी मोजलंय का?

कळवेकर
@कृष्णाकाठचा, मनापासून धन्यवाद, असा हिशोब आजवर कुणीच मांडून दाखवला नव्हता. मोजलं नाही, पण वॉचमन म्हणतो रात्री दोन-अडीचला पण दर थोड्या वेळाने पंप लागतो, आणि बंद होताना पाइपात जोरात ठोका बसतो. तळमजल्यावरच्या आजी त्या आवाजाने जाग्या होतात.

कृष्णाकाठचा
रात्री अडीचला? तेव्हा कोण पाणी वापरतंय? आणि ठोका बसतोय? मला वाटतं चोर सापडला, पण अजून बोलत नाही. रात्री संपाचं झाकण उघडून टॉर्च मारून बघा, वाकायचं नाही आत, लांबून बघा. पंप बंद झाल्या झाल्या पाण्याची पातळी स्थिर राहते की झपकन वर येते, एवढंच सांगा.

इलेक्ट्रिशियन_अण्णा
तोवर इलेक्ट्रिकल बाजू बघून घ्या. ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा, कितीवर सेट आहे? ३ एचपीला फुल लोड करंट ५ अँपिअरच्या आसपास असतो, नेमका आकडा मोटरच्या प्लेटवर छापलेला असतो, रिले त्यावरच ठेवायचा. मी कितीतरी सोसायट्यांत बघितलंय, ट्रिपिंगचा कंटाळा आला की कुणीतरी रिलेचं बटण फिरवून ८ वर नेऊन ठेवतो. मग ट्रिप होत नाही, थेट मोटर जळते. ट्रिप होणं हा आजार नाही, तो ताप आहे. ताप उतरवायला थर्मामीटर फोडायचा नसतो.
सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे तीनपैकी एक फेज गेली की मोटर बंद करणारा, पॅनेलमध्ये आहे का आणि चालू आहे का तेही बघा. पावसाळ्यात एक फेज जाणं नेहमीचं. प्रिव्हेंटर बऱ्याचदा बायपास केलेला असतो. क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचे अँपिअर बघा, तिन्ही जवळजवळ सारखे हवेत. आणि मोटर बंद असताना मेगर मारा, म्हणजे वाइंडिंगचं इन्सुलेशन मोजा. १ मेगाओहमच्या खाली आलं तर पाणी आत शिरायला लागलंय, पाणी अडवणारं मेकॅनिकल सील गेलं. सील हजार-दोन हजारात मिळतं, ते वेळेवर बदललं नाही की रिवाइंडिंग.

मनवा
आमची सोसायटी पुण्यात सिंहगड रोडला, दोन वर्षं सेक्रेटरी होते. तांत्रिक मला कळत नाही पण आमच्या पंपातून काय काय निघालं ते सांगते. सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर, ओले वाइप्स, केसांचे गुंते, एकदा तर अख्खी नायलॉनची घासणी. पाकिटावर फ्लशेबल लिहिलेले वाइप्ससुद्धा कागदासारखे विरघळत नाहीत, पंपाच्या पंख्याभोवती दोरखंडासारखे वळून बसतात.
आम्ही नोटिसा लावून दमलो. शेवटी मेकॅनिकने पंप वर काढला तेव्हा महिला मंडळाच्या सगळ्याजणींना खाली बोलावलं आणि दाखवलं. त्या दिवसानंतर फरक पडला. आणि प्रत्येक मजल्यावर पॅडसाठी वेगळा झाकणाचा डबा ठेवला, कारण टाकायला दुसरी जागाच नसेल तर नुसतं टाकू नका सांगून काय उपयोग. भाडेकरू मुलींच्या फ्लॅटमध्ये बाथरूमात डस्टबिन नव्हता, तो घरमालकांना द्यायला लावला.

वैशाली_नेदरलँड्स
मनवाताई, डब्याच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. इथे नेदरलँड्समध्ये अर्धा देश समुद्रसपाटीच्या आसपास किंवा खाली, उतार मिळतच नाही, त्यामुळे मैलापाणी पंपाशिवाय हलत नाही. गावाकडच्या भागात तर दर एक-दोन घरांमागे जमिनीत एक छोटा पंप असतो आणि तिथून बारीक प्रेशर पाइप मोठ्या लाइनला जातो. बाजूला हिरवी पेटी असते, तिच्यावर लाल दिवा. दिवा लागला की पंप अडकला, नगरपालिकेला फोन करायचा. आमच्या आळीत नवीन राहायला आल्यावर शेजारच्या आजोबांनी पहिली ओळख त्या दिव्याची करून दिली.
इथेही वाइप्स हीच सगळ्यात मोठी डोकेदुखी. लंडनला २०१७ मध्ये व्हाइटचॅपलच्या गटारात चरबी आणि वाइप्सचा मिळून अडीचशे मीटर लांब, १३० टन वजनाचा गोळा सापडला होता, फोडून काढायला कितीतरी आठवडे गेले.
तुमच्या पॅनेलवर हाय लेव्हलचा अलार्म आहे का? संप भरून वर यायच्या आधी हूटर वाजला तर तळमजला वाचतो.

मुगभाटकर
हा धागा जेवताना उघडला, चूक माझी. पण विषय महत्त्वाचा आहे म्हणून शेवटपर्यंत वाचला.
अवांतर: मुंबईचं सगळं मैलापाणी असंच टप्प्याटप्प्याने पंपांवर चालतं, कारण अर्धी मुंबई भरणी घालून केलेली, सपाट. वरळीचं लव्हग्रोव्ह हे त्यातलं मोठं पंपिंग स्टेशन. तिथून पुढे समुद्राच्या तळाखालून बोगदा तीन किलोमीटरहून लांब नेलाय आणि पाणी तिथे सोडतात, तसाच वांद्र्याला दुसरा. मी शाळेत असताना वरळी सी फेसला काळं पाणी किनाऱ्यालाच पडायचं ते आठवतंय.
आणि लोक घोटाळा करतात म्हणून सांगतो, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर हाजी अली, इर्ला वगैरे जी पंपिंग स्टेशनं झाली ती पावसाच्या पाण्याची. मैलापाण्याची व्यवस्था वेगळी.

कृष्णाकाठचा
काका, तुमचं अवांतर नाहीच, मुद्द्याचं आहे. कळवेकर, गच्चीचे पावसाळी पाइप तुमच्या संपला तर जोडलेले नाहीत ना? प्लंबर सोपं पडतं म्हणून गच्चीचं पाणी जवळच्या चेंबरला देऊन टाकतात. ३०० चौरस मीटर गच्ची आणि तासाला ५० मिलिमीटर पाऊस, झालं १५ हजार लिटर एका तासाला. तुमच्या सगळ्या बिल्डिंगच्या सकाळच्या गर्दीच्या तिप्पट. ते तोडून पावसाळी गटाराला द्या, जूनच्या आत.

मांडवीतीर
पणजीहून. आमच्या शहरात पण भरती-ओहोटीच्या पातळीवर सगळं, ठिकठिकाणी पंपिंग स्टेशनं आणि शेवटी टोंकच्या सांडपाणी शुद्धीकरण प्लांटला. मी सांगते ते वेगळंच आहे, खारी हवा. आमच्या अपार्टमेंटमध्ये पंप उचलायची साखळी साध्या लोखंडाची होती, गंजून तुटली आणि पंप खाली संपच्या तळाशी. साखळी आणि गाइड पाइप स्टेनलेस स्टीलचेच घ्या, कळवा पण खाडीकाठीच आहे. आणि पॅनेल संपच्या डोक्यावर ठेवू नका, गॅसने तांब्याचे कॉन्टॅक्ट काळे पडतात.

खजिनदार_डोंबिवली
कृष्णाकाठचा, हिशोब कागदावर बरोबर आहे, मान्य. पण प्रत्यक्षात मेकॅनिक येतो, संपात उतरतो, पंप साफ करतो, दोन हजार घेतो, पंधरा दिवसांनी परत तेच. कागदावरच्या हिशोबाने ते थांबत नाही.

सम्यक
खजिनदार साहेब, "संपात उतरतो" हे तुम्ही सहज लिहिलंत. कृपा करून परत कुणाला उतरू देऊ नका. माझे वडील नगरपालिकेच्या ड्रेनेज खात्यात होते, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.
मैलापाणी साचून राहिलं की त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हवेपेक्षा जड, म्हणून खाली बसतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेला की काही मिनिटांत नाकाची वास ओळखायची ताकदच बंद पडते, माणसाला वाटतं वास गेला, गॅस गेला. पाचशेच्या पुढे माणूस कोसळतो, हजारच्या आसपास एक-दोन श्वास पुरतात. आणि गाळ ढवळला की अडकलेला गॅस एकदम सुटतो. म्हणजे उतरताना ठीक असलेला संप, काम सुरू केल्यावर ठीक नसतो.
बातम्या नीट वाचा, जवळजवळ प्रत्येक वेळी दोघं-तिघं गेलेले असतात. पहिला पडला म्हणून दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. बहुतेक वेळा भाऊ नाहीतर बापलेक. तोंडाला बांधलेला रुमाल, काडी पेटवून बघणं, झाकण तासभर उघडं ठेवणं, यातल्या कशानेही गॅस किती आहे ते कळत नाही. काडीने तर मिथेन असेल तर भडका उडेल. गॅस मीटर लागतो, चार गॅसचा, तो दोरीने खाली सोडून वरून वाचायचा. ऑक्सिजन २०.९ टक्के असायला हवा, १९.५ च्या खाली गेला तर आत जायचं नाही.
आणि मुळात उतरायची वेळच येऊ नये अशी रचना करता येते. मांडवीतीर म्हणतात तो गाइड पाइप बसवला की पंप साखळीने वरूनच उचलता येतो, खाली बोल्ट खोलायला माणूस लागत नाही. गाळ सक्शन गाडीने वरून ओढता येतो. केरळमध्ये मॅनहोल साफ करायचा बँडिकूट नावाचा रोबोट निघाला, तो २०१८ पासून वापरात आहे. साधनं आहेत. दोन हजारात माणूस मिळतो म्हणून ती आणली जात नाहीत.

नवखा
सम्यक, अंगावर काटा आला. हे प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर जायला हवं.

निशा_वकील
सम्यक यांच्या पोस्टला कायद्याची जोड देते. हाताने मैला सफाईला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कुणालाही कामाला लावता येत नाही, प्रत्यक्षही नाही आणि अप्रत्यक्षही नाही. हा "अप्रत्यक्ष" शब्द सोसायट्यांनी नीट वाचावा. आमचा संबंध कंत्राटदाराशी, त्याने कुणाला उतरवलं आम्हाला माहीत नाही, ही सबब चालत नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा घडला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मृत्यू झाल्यास भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती ३० लाख केली.
तुमचा संप सेप्टिक टँक या व्याख्येत बसतो का यावर कोर्टात वाद घालता येईल. पण ज्या घरातला माणूस गेला त्यांच्यासमोर तो वाद घालायची वेळ कुठल्याच कमिटीवर येऊ नये. आणि सफाईची गरज पडली तर १४४२० ही हेल्पलाइन आहे, तिथून यंत्राने सफाईची सोय विचारता येते.

खजिनदार_डोंबिवली
सम्यक, निशाताई, पटलं. आमच्या संपाला गाइड पाइप नाही, उद्याच्या मीटिंगमध्ये विषय घेतो. मोठ्या पंपाच्या मुद्द्यावर मात्र मी अजून ठाम आहे, बघू कळवेकर काय आणतात ते.

कळवेकर
आलो. काल रात्री मी आणि वॉचमन दोघं झाकणापासून लांब उभं राहून बघत होतो. पंप बंद झाला, आणि लगेच पाइपातून धो धो पाणी परत संपात आलं, पातळी वीतभर वर चढली. मग थोडंसं पाणी बाहेरून आलं की पंप परत चालू. हेच चक्र.

कृष्णाकाठचा
बसला की नाही अंदाज! एनआरव्ही गेला आहे. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, जो पाणी एकाच दिशेने जाऊ देतो. तो उघडाच अडकून बसलाय, म्हणून पंप थांबला की चढावरचं सगळं पाणी माघारी.
आता हा हिशोब खजिनदारांसाठी मुद्दाम. ४ इंची पाइप, ६० मीटर, त्यात जवळजवळ ४७० लिटर पाणी मावतं. तुमच्या संपात वरच्या फ्लोटपासून (पातळीनुसार पंप चालू-बंद करणारा तरंगता स्विच) खालच्या फ्लोटपर्यंत २७ सेंटीमीटर अंतर धरलं तर दीड बाय दीडच्या संपात ६०० लिटर होतात. म्हणजे पंप ६०० लिटर उपसतो आणि त्यातले ४७० परत येतात. निव्वळ काम किती? १३० लिटर. तासाला सरासरी १७०० लिटर येतंय, ६०० च्या हिशोबाने ताशी तीन स्टार्ट पुरले असते, १३० च्या हिशोबाने तेरा होतात. सकाळच्या गर्दीत तर विचारूच नका. बिचारी मोटर जळणार नाही तर काय. आणि पाणी उलटं जाताना पंखा उलटा फिरतो, तो उलटा फिरत असतानाच मोटर चालू झाली तर करंट आणखी उसळतो, शाफ्टला झटका बसतो.
आता इथे ५ एचपी लावून काय झालं असतं? पाइप तेवढाच, परत येणारं पाणी तेवढंच, ताशी स्टार्ट तेवढेच किंवा जास्त, फक्त जळणारी मोटर महाग.
राखीव पंपाचा एनआरव्ही पण बघा. तो अडकला असेल तर चालू पंपाचं पाणी राखीव पंपातून गोल फिरून संपातच पडतं, पंप तासन्‌तास चालतो आणि पातळी हलत नाही.

इलेक्ट्रिशियन_अण्णा
सुंदर. पॅनेलमध्ये एक छोटा अवर मीटर आणि स्टार्ट काउंटर बसवून घ्या दोन्ही पंपांना, फार खर्च नाही. वॉचमनने रोज सकाळी दोन आकडे वहीत लिहायचे. पुढच्या वेळी रात्री टॉर्च घेऊन उभं राहावं लागणार नाही, वहीच बोलेल. आणि पंप आळीपाळीने चालतील असं सेटिंग ठेवा, राखीव पंप सहा महिने नुसता बुडून राहिला तर गरजेला जाम निघतो.

मनवा
वही हा आमचा पण अनुभव. आकडे अचानक वाढले की काहीतरी अडकलंय असं समजायचं. आमच्या वॉचमन दादांनीच दोनदा वेळेवर सांगितलं, इंजिनियर नंतर आला.

वैशाली_नेदरलँड्स
नवीन एनआरव्ही घेताना बॉल टाइप घ्या. आत रबराचा गोळा असतो, पाणी आलं की बाजूच्या खिशात सरकतो, मार्ग पूर्ण मोकळा. फ्लॅपवाल्यात बिजागरीला केस आणि चिंध्या गुंततात. मी पाण्याच्याच खात्यात डिझाइनचं काम करते, मैलापाण्याला इथे शक्यतो बॉलच वापरतात.
आणि सम्यक यांच्या मुद्द्याला जोडून, एनआरव्ही आणि गेट व्हॉल्व्ह (लाइन बंद करायचा) संपच्या आत ठेवू नका. शेजारी वेगळा उथळ कोरडा चेंबर करा, गुडघाभर खोल, त्यात दोन्ही व्हॉल्व्ह. मग ते उघडायला कुणाला संपात जायलाच लागत नाही.

पाटणकर_१९
पाइप ४ च्या ऐवजी ६ इंची केला तर? घर्षण कमी, पंपाला सोपं.

कृष्णाकाठचा
नको भाऊ. ४ इंचीत ४०० लिटरला पाण्याचा वेग सेकंदाला ०.८५ मीटर पडतो. साधारण ०.६ ते ०.८ च्या वर राहिला तरच घाण वाहून जाते. ६ इंची केलात तर वेग ०.४ च्या खाली येईल, पाइपातच गाळ बसेल. शिवाय पंप थांबल्यावर पाइपात दुपटीहून जास्त मैलापाणी कुजत पडणार, म्हणजे गॅस वाढला. साध्या पाण्याचं गणित वेगळं, मैल्याचं वेगळं.

पाटणकर_१९
अच्छा, हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

मांडवीतीर
कुणी फ्लोटबद्दल बोललंच नाही. स्वयंपाकघरातलं तेल-तूप संपात वर साय धरून बसतं, फ्लोट त्यात चिकटतो, मग एकतर पंप लागतच नाही नाहीतर थांबतच नाही, कोरडा चालून सील जळतं. आमच्याकडे दर आठवड्याला वरूनच पाण्याचा जोरदार फवारा मारून फ्लोट धुतात. चतुर्थीच्या आठवड्यात तर आठवणीने, घरोघरी नेवऱ्या तळलेल्या असतात. तेल पिठात किंवा कागदात टिपून कचऱ्यात टाका असं सगळ्या घरांना सांगितलंय.

सम्यक
फवाऱ्याची कल्पना चांगली. फवारा मारणाऱ्याने पण वारा पाठीमागून येईल असं उभं राहायचं आणि एकटं करायचं नाही. झाकणाखाली लोखंडी जाळी बसवून घ्या, झाकण उघडं असताना कुणी आत पडू नये म्हणून. लहान मुलं खेळतात आसपास.

कळवेकर
मंडळी, अपडेट. दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलं. कुणी उतरलं नाही. साखळी होती, तिने पंप वर घेतले, डिलिव्हरी पाइपचा वरचा जोड खोलून एनआरव्ही बाहेर काढला. फ्लॅपच्या बिजागरीत फरशी पुसायच्या फडक्याचा तुकडा पिळून बसला होता, त्याच्याभोवती केस, त्यावर वंगण, सगळं मिळून लाकडासारखं कडक झालेलं. फ्लॅप अर्ध्यावरच अडकलेला. राखीव बाजूचा एनआरव्ही चांगला निघाला. अण्णा, तुमचं पण खरं ठरलं, ओव्हरलोड रिले ७.५ वर ठेवलेला होता, प्लेटवर ४.९ लिहिलंय. प्रिव्हेंटर बायपास केलेला.
दोन्ही बाजूंना बॉल टाइप बसवले, रिले खाली आणला, प्रिव्हेंटर जोडला. आता पंप दिवसभरात बराच वेळ शांत असतो, रात्री तर लागतच नाही म्हटलं तरी चालेल, आणि ठोका बंद. आजींनी स्वतः येऊन सांगितलं. ५ एचपीचं कोटेशन कमिटीने परत केलं. गच्चीचे दोन पाइप खरंच संपच्या चेंबरला निघाले, ते या आठवड्यात तोडतोय. गाइड पाइप आणि बाहेरचा व्हॉल्व्ह चेंबर पावसाळ्यानंतर, त्यासाठी पैसे बाजूला काढायचं ठरलंय.

खजिनदार_डोंबिवली
अभिनंदन कळवेकर, आणि कृष्णाकाठचा, तुमचा हिशोब मान्य, विनाशर्त. आमच्याकडे पण स्टार्ट मोजायला सांगितलेत. माझं एक म्हणणं मात्र राहू द्या: राखीव पंप जागेवर आहेच, पण एक सील किट, एक फ्लोट आणि एक कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा पॅनेलमधला स्विच) सोसायटीच्या कपाटात हवा. शनिवारी रात्री दुकान उघडं नसतं.

कृष्णाकाठचा
खजिनदार, याला शंभर टक्के सहमत. सोबत सील चेंबरच्या तेलाचं पण लिहून ठेवा. वर्षातून एकदा प्लग खोलून तेल बघायचं. दुधासारखं पांढरं झालं असेल तर पाणी आलं, सील बदला. तेवढं एक केलं तरी निम्मी रिवाइंडिंगं वाचतात.

निशा_वकील
मूळ प्रश्नातला एएमसीचा भाग राहिलाच. करारात हे असू द्या: कुठल्याही कारणाने माणूस संपात उतरवला जाणार नाही, पंप आणि व्हॉल्व्ह वरूनच काढायचे, गाळ यंत्रानेच. प्रत्येक भेटीत तिन्ही फेजचे अँपिअर, मेगरचं रीडिंग आणि रिलेचं सेटिंग लेखी द्यायचं, खाली सही. रिवाइंडिंगला पाठवायच्या आधी मोटर कशामुळे जळली ते लेखी कारण. आणि पंप विकणारा आणि पंप तपासणारा शक्यतो एकच नको.

मनवा
शेवटचं वाक्य सोन्याचं आहे ताई. कळवेकर, तुमच्या वहीच्या पानाचा नमुना इथे टाकाल का? आमच्या नवीन सेक्रेटरींना देते.

कळवेकर
नक्की. तारीख, वेळ, दोन्ही पंपांचे तास, दोन्ही पंपांचे स्टार्ट, हूटर वाजला का, फ्लोट धुतला का, आणि सही. वॉचमन दादांनी स्वतःहून आणखी एक रकाना वाढवलाय, "पाऊस". फोटो काढून उद्या टाकतो.